पाच एकोणतीस साठ

घड्याळात साठावा सेकंद नसतो. एकोणसाठ झाले की काटा शून्यावर जातो. पण रविवारी, १ जुलै २०१२ रोजी, भारतात पहाटे पाच वाजून एकोणतीस मिनिटं साठ सेकंद अशी वेळ खरोखर होऊन गेली. पृथ्वीच्या फिरण्याशी घड्याळं जुळवून घेण्यासाठी त्या दिवशी जगाच्या वेळेत एक जादा सेकंद, म्हणजे लीप सेकंद, मुद्दाम घातला होता, आणि तो घालताना लिनक्सवर चालणारी असंख्य मशिनं एकाच क्षणी वेड्यासारखी तापली.

मी तेव्हा उज्जैनला, फ्रीगंजातल्या आमच्या घरी होते. एका कंपनीचे नऊ सर्व्हर मुंबईत होते आणि शनिवार-रविवार ते सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. तो सेकंद माझ्यावर अचानक कोसळला असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं. नंतर कर्नलमधल्या दुरुस्त्यांचा इतिहास एकेक करून वाचला, तेव्हा कळलं की त्याची उलटी मोजणी पाच वर्षांपूर्वीच सुरू झाली होती. म्हणून सुरुवात तिथून करते.

२००७. उरली पाच वर्षं.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. प्रोग्रॅमना प्रोसेसर, मेमरी, डिस्क वाटून देणारा कारभारी. प्रोसेसर एकच असतो तोवर कारभार सोपा असतो. ते आठ-सोळा झाले की एकच गोष्ट दोघं एकदम बदलायला जातात, म्हणून तिच्यावर लॉक घालावं लागतं. ज्याच्या हाती किल्ली त्यानं काम करायचं, बाकीच्यांनी दाराशी थांबायचं. जुन्या वाड्यात आड एक आणि बिऱ्हाडं वीस असली की सकाळी जी रांग लागते, तीच ही रांग. लिनक्समध्ये १९९६ साली, दुसऱ्या आवृत्तीत, अख्ख्या कर्नलला मिळून एक मोठं कुलूप आलं. ते फोडून जागोजागी लहान कुलपं बसवण्याचं काम पुढे पंधरा वर्षं चाललं. शेवटचा अवशेष मे २०११ मध्ये निघाला. रांग कमी करायची तर कुलूप फोडायचं, हाच त्या कामाचा रस्ता होता आणि तो योग्यच होता. मात्र कुलपं वाढली की किल्ल्यांचा क्रम सांभाळावा लागतो. एकानं आधी ही किल्ली घेतली, दुसऱ्यानं आधी ती, आणि दोघांनाही दोन्ही हव्या असल्या, तर दोघं एकमेकांची वाट बघत कायमचे उभे राहतात. याला डेडलॉक म्हणतात.

वेळेच्या कुलपाचं नाव होतं एक्सटाइम लॉक. वेळ सगळ्यांनाच लागते, सेकंदाला हजारो वेळा लागते, म्हणून तिथली व्यवस्था फार विचारानं केलेली होती. वेळ बदलणारा आधी एक आकडा एकनं वाढवतो आणि काम झालं की पुन्हा एकनं वाढवतो. वाचायला आलेला तो आकडा बघतो. विषम असला तर बदल चालू आहे, पुन्हा बघायचं. सम असला तर वेळ वाचून घ्यायची आणि आकडा मधेच हलला नाही ना, एवढं तपासायचं. वाचणारे कितीही आले तरी एकमेकांना अडवत नाहीत. मला आजही ही रचना सुंदर वाटते. तिला अट एकच: कुलूप ज्याच्या हातात आहे त्यानं स्वतः वेळ विचारायला जायचं नाही. गेला, तर आकडा विषम असणार, तो सम होण्याची हा वाट बघणार, आणि सम करणारा दुसरा कुणी नाही, हाच आहे.

लीप सेकंद घालताना कर्नल आपलं घड्याळ एक सेकंद मागे घेतो. त्यानंतर एक निरोप द्यावा लागतो. टायमरचं खातं वेगळं आहे. अमुक वेळेला मला उठव, असं सांगून झोपलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी त्याच्याकडे असते, आणि घड्याळ हललं हे त्याला कळायला हवं. पूर्वी हा निरोप तिथल्या तिथे, कुलूप हातात असताना आणि इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला मधेच थांबवणाऱ्या हाका, बंद असताना, सगळ्या प्रोसेसरना हाक मारून दिला जायचा. ते धोक्याचं होतं. हाक ऐकणारा प्रोसेसर दुसऱ्याच कुलपापाशी अडकलेला असला की दोघंही अडकणार. म्हणून २००७ साली तो निरोपच काढून टाकला. दुरुस्तीबरोबरच्या टिपणात परिणामांचाही विचार होता: कधी काळी सेकंद कमी करायची वेळ आली तर एखादा टायमर सेकंदभर उशिरा वाजेल, पण लवकर कधीच वाजणार नाही.

डेडलॉक गेला. निरोप देण्याचं काम मात्र कुणाच्याच नावावर उरलं नाही.

१ जानेवारी २००९, पहाटे साडेपाच. उरली साडेतीन वर्षं.

मधल्या काळात, २००८ साली, लीप सेकंद घालण्याचं काम त्याच्या स्वतःच्या एका अचूक टायमरकडे सोपवलं होतं. ३१ डिसेंबर २००८ च्या लीप सेकंदाला, आपल्याकडे नववर्षाच्या पहाटे, बरीच लिनक्स मशिनं गोठली. कारण वाचून मला वाईट वाटलं, इतकं ते साधं होतं. सेकंद घातला, अशी एक ओळ लॉगमध्ये लिहायची होती आणि ती लिहिताना एक्सटाइमचं कुलूप हातातच होतं. ओळ लिहायची म्हणजे लॉग सांभाळणाऱ्याला जागं करायचं, त्याला जागं करायचं म्हणजे प्रोसेसरच्या वाटपाचा हिशेब करायचा, आणि हिशेबाला लागते वेळ. वेळ विचारायला गेला तो कुलूपवालाच. आकडा विषम. मशिन तिथेच उभं.

हे गोठणं पुढे दुरुस्त झालं. सगळ्यांना वाटलं, लीप सेकंदाचं दुखणं संपलं.

५ जानेवारी २०१२. उरले १७८ दिवस.

पृथ्वीच्या परिवलनाची नोंद ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेवेचं एक पत्रक पॅरिसच्या वेधशाळेतून निघालं. जूनअखेरीस एक सेकंद वाढवण्यात येईल, क्रम असा: तेवीस एकोणसाठ एकोणसाठ, तेवीस एकोणसाठ साठ, शून्य शून्य शून्य. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तिथली मध्यरात्र ती आपली साडेपाचची पहाट.

पत्रक जाहीर होतं, कुणालाही वाचता येत होतं. मी वाचलं नव्हतं.

मार्च २०१२. उरले तीन-चार महिने.

कर्नलचं वेळेचं खातं सांभाळणारे जॉन स्टुल्ट्झ तेव्हा एक्सटाइमचं मोठं कुलूप फोडून त्याची लहान कुलपं करत होते. त्यातलं एक एनटीपीचं, म्हणजे बाहेरच्या घड्याळांशी वेळ जुळवणाऱ्या भागाचं. साशा लेव्हिन यांना चाचण्यांमध्ये एक गुंता सापडला आणि थॉमस ग्लाइक्सनर यांनी त्याचं निदान केलं. एक प्रोसेसर एनटीपीचं कुलूप घेऊन लीप सेकंदाचा टायमर लावायला जातो. टायमर लावताना तो वेळ विचारतो, म्हणजे एक्सटाइमपाशी थांबतो. त्याच वेळी दुसरा प्रोसेसर एक्सटाइमचं कुलूप घेऊन घड्याळ पुढे सरकवत असतो आणि त्याला एनटीपीचं कुलूप हवं असतं. दोघंही जागे, दोघंही पूर्ण जोरानं गिरक्या घेतात, काम मात्र काहीच होत नाही. हा लाइव्हलॉक. जुन्या कर्नलमध्ये कुलपं वेगळी होती, पण खोट त्याच जातीची: हातात कुलूप ठेवून टायमर लावायला जाणं.

उपाय म्हणून तो वेगळा टायमर काढून टाकला. सेकंद घालण्याचं काम पुन्हा घड्याळाच्या नेहमीच्या ठोक्यावर आणलं. त्यानं सेकंद एक ते दहा मिलिसेकंद उशिरा पडेल, हे दुरुस्तीत मोकळेपणानं लिहिलं होतं. २० मेला लिनक्स ३.४ आलं, त्यात हा उपाय होता. माझ्या नऊ सर्व्हरवर २.६.३२ होतं. चालतं आहे ते कशाला हलवायचं, या विचारानं जगभरात बहुतेकांकडे जुनंच काहीतरी होतं.

शनिवार, ३० जून, पहाटे साडेपाच. उरले २४ तास.

आषाढी एकादशी. आई उठून तुळशीपाशी दिवा लावत होती, टीव्हीवर पंढरपूर चालू होतं. आमच्या घराण्याला उज्जैनला येऊन पाच पिढ्या झाल्या, तरी या दिवशी घरातली हिंदी मागे पडते आणि सगळे मराठीत बोलू लागतात.

याच सुमारास जगभरची वेळ सांगणारी सर्व्हर-घड्याळं आपल्या प्रत्येक उत्तरासोबत एक खूण पाठवू लागली: आजचा दिवस एक सेकंदानं मोठा आहे. प्रत्येक मशिनवरचा एनटीपीचा प्रोग्रॅम ती खूण वाचतो आणि कर्नलला कळवतो. कर्नल ती जपून ठेवतो. पुढच्या काही तासांत माझ्या नऊही मशिनांनी ती ठेवली.

सकाळी ८.३४. उरले २१ तास.

अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये शुक्रवारची रात्र होती. सरळ रेषेत शेकडो मैल धावणारं एक भयंकर वादळ तिथून गेलं आणि ॲमेझॉनच्या एका डेटा सेंटरची वीज गेली. नेटफ्लिक्स, इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट बंद पडले. याचा आपल्या सेकंदाशी काही संबंध नाही. तरी सांगते, कारण चोवीस तासांनी जी माणसं लीप सेकंदाला सामोरी गेली, त्यांतली कित्येक आदल्या रात्रीची जागलेली होती. घटनाक्रमात असे योग नोंदवून ठेवायला हवेत. थकलेला माणूस पहिलं दिसणारं कारण धरतो.

दुपारी १२.३०. उरले १७ तास.

उज्जैनच्या आकाशात सूर्य बरोबर माथ्याच्या रेषेवर आला. घड्याळात साडेबारा, पण जंतरमंतरच्या सम्राट यंत्रावर सावली बारा दाखवते. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची, उज्जैन पावणेशहात्तर अंशांवर. त्यामुळे सत्तावीस मिनिटांचा फरक कायमचा, आणि सूर्याच्या चालीमुळे जूनअखेरीस आणखी तीन-साडेतीन मिनिटं. सावलीची वेळ वाचायची, मिनिटं मिळवायची, प्रमाणवेळ हातात. मी शाळेत असताना तिथे वहीत हे गणित केलं होतं.

सूर्यसिद्धान्तानं मध्यरेखा मानली ती लंकेपासून उज्जयिनीवरून कुरुक्षेत्राकडे जाणारी. राजा जयसिंगानं अठराव्या शतकात इथे जंतरमंतर ही वेधशाळा बांधली ती याच परंपरेमुळे. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी केली. गोविंद सदाशिव आपटे हे मराठी ज्योतिर्गणिती तिचे अधीक्षक होते. या सगळ्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: आकाशाची वेळ आणि कागदाची वेळ कधी पूर्ण जुळत नाही, मधे एक दुरुस्ती लागतेच, आणि ती दुरुस्ती कुणी, केव्हा करायची हे ठरलेलं हवं.

लीप सेकंद हीच दुरुस्ती. १९६७ पासून सेकंदाची व्याख्या पृथ्वीवर अवलंबून राहिली नाही. सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० आंदोलनं म्हणजे एक सेकंद. अणू चुकत नाही. पृथ्वी मात्र चंद्राच्या ओढीनं हळूहळू मंदावते, आणि मधेच थोडी वेगही घेते. दोघांतलं अंतर वाढू लागलं की एक सेकंद घालतात. १९७२ पासूनचा हा पंचविसावा. अशी दुरुस्ती आपटे यांनी केली असती तर दुसऱ्या दिवशी ताडून पाहिली असती. आपण ती कर्नलमध्ये लिहिली आणि ताडून पाहण्याची संधी काही वर्षांतून एकदा, एका सेकंदापुरती मिळत राहिली.

दुपारी २.१०. उरले साडेपंधरा तास.

चौथं मशिन गेलं. हाक मारली तर उत्तर नाही, पडद्यावर काही नाही, लॉगमध्ये शेवटची ओळ दहा मिनिटांपूर्वीची. मुंबईतल्या माणसाला फोन करून रीबूट करायला लावलं, ते उठलं.

पुण्यातल्या सहकाऱ्याचा फोन आला. "ताई, आज लीप सेकंद आहे. खूण घेताना मशिनं लटकतायत म्हणे. एनटीपी बंद करून टाका."

मी बंद केला. नऊच्या नऊ मशिनांवर, चौथ्यावर तर रीबूटनंतर उठताक्षणीच. बाहेरून खूण येण्याचा रस्ता बंद झाला, आता काळजी नाही, असं समजून मी साबुदाण्याची खिचडी खायला गेले.

माझी चूक इथे झाली. रस्ता बंद केला, पण खूण आधीच आत येऊन बसली होती. एनटीपीचा प्रोग्रॅम थांबवला म्हणून कर्नल ती विसरत नाही. ती वेगळी पुसावी लागते. आठ मशिनांच्या पोटात ती तशीच होती. फक्त चौथं, दुपारी मेलेलं आणि नव्यानं उठलेलं, तिच्यापासून मोकळं होतं.

संध्याकाळी ७. उरले साडेदहा तास.

आईनं विचारलं, "अगं, एका सेकंदानं असं काय होतंय?"

मी म्हटलं, "आई, देवळात काकडआरतीला घंटा एक सेकंद उशिरा वाजली तर काही होत नाही. पण घंटा ऐकून उठणारे दहा हजार लोक असतील, आणि पुजारी म्हणत असेल अजून वाजायची आहे, आणि घंटेवाला म्हणत असेल वाजून गेली, तर?"

"तर लोक उठतील, काही नाही बघून पुन्हा आडवे होतील."

"आणि पुन्हा घंटा वाजेल."

"मग पुन्हा उठतील," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पहाटे जे झालं त्याचं याहून चांगलं वर्णन मला अजून करता आलेलं नाही.

रात्री ११ ते पहाटे ३.

काहीच झालं नाही. नऊ हिरवे दिवे. गूगलनं आदल्या वर्षी सांगितलेला एक मार्ग या दरम्यान मी वाचला: एक सेकंद एकदम घालायचाच नाही, आधीच्या काही तासांत तो थोडा थोडा, प्रत्येक सेकंद किंचित ताणून, मुरवून टाकायचा. म्हणजे साठावा सेकंद कुठल्याच मशिनला दिसत नाही. वाचून हेवा वाटला. शनिवारी रात्री तसलं काही उभं करणं माझ्या हातात नव्हतं.

पहाटे ४. उरला दीड तास.

महाकालेश्वरात भस्मारती सुरू होण्याची वेळ. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी हे देऊळ अठराव्या शतकात पुन्हा उभं केलं. तेव्हापासून आमच्यासारख्या घरांना ते आपलं वाटतं. शेजारचे काका अडीचलाच रांगेत गेले होते. मी खिडकी उघडली. आषाढातली ओलसर हवा होती, पाऊस नव्हता.

५.२९.००. उरला एक मिनिट.

आठ मशिनांचा कर्नल या मिनिटात काही वेगळं करत नाही. खूण आहे, दिवस संपायची वाट आहे.

५.२९.५९.

५.२९.६०.

कर्नलनं घड्याळ एक सेकंद मागे घेतलं. लॉगमध्ये ओळ पडली: लीप सेकंद घातला, तेवीस एकोणसाठ साठ. या वेळी ओळ लिहिताना कुणी लटकलं नाही, ती दुरुस्ती काम करून गेली. कुठलंही मशिन गोठलं नाही. मी श्वास सोडला.

पण टायमरच्या खात्याला निरोप गेला नव्हता. तो देणारी ओळ २००७ साली काढलेली. घड्याळ म्हणत होतं एकोणसाठ, टायमरचं खातं म्हणत होतं शून्य. त्याच्या लेखी एक सेकंद आधीच उलटलेला होता. टिपणात जे कधीच होणार नाही म्हटलं होतं, तेच झालं: टायमर लवकर वाजू लागले.

५.३०. तो सेकंद उलटल्यावर.

आता पुन्हा कुलपांपाशी यावं लागतं, कारण आग तिथेच लागली. जावावरचे प्रोग्रॅम आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस यांच्या पोटात शेकडो धागे (थ्रेड) एकमेकांची कुलपं मागत असतात. कुलूप मिळालं नाही तर धागा कर्नलला सांगतो: अर्ध्या सेकंदानं मला उठव, तोवर झोपतो. गर्दीवरचा हा शहाणा उपाय आहे; रांगेत उभं राहून प्रोसेसर जाळण्यापेक्षा झोपणं बरं. आता मात्र एका सेकंदाच्या आतली प्रत्येक वेळ टायमरच्या हिशेबानं आधीच होऊन गेलेली. धागा झोपायला जातो, तत्क्षणी उठवला जातो. कुलूप बंदच. पुन्हा झोपतो, पुन्हा उठतो. सेकंदाला लाखो वेळा. शेकडो धागे, प्रत्येक प्रोसेसरवर.

आईचे दहा हजार लोक.

५.३२.

आठ मशिनांचा लोड, जो एरवी दोन-तीनच्या आत असतो, तो दोन अंकी झाला आणि चढत राहिला. चौथ्याचा हलला नाही. मला वाटलं, चौथ्याचं मोजमापच बंद पडलं असेल.

याच मिनिटांत, जिथे शनिवारची संध्याकाळ होती तिथे, रेडिट बंद पडलं. त्यांचा कॅसँड्रा जावावर चालणारा. मोझिलाचं हडूप अडकलं. सिडनीत रविवारी सकाळचे दहा वाजले होते. क्वांटासचे प्रवासी रांगेत उभे आणि अमॅडिअसची चेक-इन व्यवस्था ठप्प, कर्मचारी हातानं नोंदी करत होते. जर्मनीतल्या हेट्झनर या कंपनीनं नंतर आपल्या ग्राहकांना कळवलं, की त्या रात्री तिच्या सर्व्हरचा वीजवापर सुमारे एक मेगावॉटनं वाढला. हा आकडा वाचला की मला आजही पोटात कसंतरी होतं. एक मेगावॉट वीज, आणि तिनं केलेलं काम म्हणजे झोपणं आणि उठणं.

५.४६.

सूर्य उगवला असावा. ढगांमुळे दिसला नाही.

५.५५ ते ६.४०.

मी जावा बंद करून सुरू केला. लोड उतरला, दोन मिनिटांत परत चढला. डेटाबेस बंद करून सुरू केला, तेच. ज्या गोष्टीत दोष नव्हता ती मी पुनःपुन्हा तपासत होते. त्यात पाऊण तास गेला, आणि तो पाऊण तास कंपनीचे ग्राहक रिकाम्या पडद्याकडे बघत होते.

शेवटी चौथ्या मशिनकडे नीट पाहिलं. मोजमाप ठीक होतं. मशिन खरंच शांत होतं. त्याच्या आणि पाचव्याच्या वेळा शेजारी ठेवल्या. चौथं एक सेकंद पुढे होतं. रीबूटनंतर खूण त्याला मिळालीच नव्हती, म्हणून साठावा सेकंद त्यानं घातलाच नव्हता. चुकीची वेळ दाखवणारं एकच मशिन धड चालत होतं.

६.४५.

पुण्याहून फोन. "ताई, रीबूट नको. तारीख सेट करा. आहे तीच तारीख, तीच वेळ, फक्त सेट करा."

मला ते अंगारा लावण्यासारखं वाटलं. तरी पाचव्या मशिनवर केलं. एक ओळ: आत्ताची वेळ घे आणि तीच वेळ लाव. लोडचा आकडा डोळ्यांदेखत खाली आला. आठही मशिनं तीन मिनिटांत थंड.

कारण पुढे समजलं. माणूस हातानं वेळ लावतो तेव्हा कर्नल टायमरच्या खात्याला निरोप देतो. त्या रस्त्यावरची ओळ कुणी काढलेली नव्हती. आम्ही जगभर त्या सकाळी एकच काम केलं: पाच वर्षं थांबलेला निरोप हातानं पोचवला.

त्याच दिवशी, आणि जुलै.

स्टुल्ट्झ यांनी १ जुलैलाच निदान आणि पहिली दुरुस्ती पुढे ठेवली. काढलेली ओळ जशीच्या तशी परत लावता येत नव्हती, कारण २००७ चं कारण अजून खरं होतं: हाती कुलूप आणि इंटरप्ट बंद असताना सगळ्या प्रोसेसरना हाक मारायची नाही. मग मार्ग निघाला तो असा. सेकंद घालताना फक्त एक नोंद करून ठेवायची, निरोप द्यायचा बाकी आहे. कुलूप सुटलं, हात मोकळे झाले, की मग सावकाश द्यायचा. शिवाय टायमरच्या खात्यानंही निरोपावर विसंबून न राहता, दर वेळी उठताना घड्याळाशी आपला हिशेब ताडून बघायचा. २१ जुलैला लिनक्स ३.५ आलं, त्यात हे दोन्ही होतं.

मला या सगळ्या मालिकेत कुणीही निष्काळजी दिसत नाही. २००७ ची दुरुस्ती खऱ्या डेडलॉकवर होती, २००९ ची खऱ्या गोठण्यावर, मार्च २०१२ ची खऱ्या लाइव्हलॉकवर. प्रत्येकानं समोरचं कुलूप पाहिलं आणि सोडवलं. पण कुलपाआड जे काम चालतं ते कुलपाबरोबर निघून जात नाही. कुलूप फोडताना, हलवताना, काढताना, ते काम आता कुणाच्या अंगावर आलं, हे टिपणात लिहिलेलं हवं, आणि दुर्मीळ दिवस मुद्दाम घडवून ते तपासायला हवं. लीप सेकंद प्रयोगशाळेत हवा तेव्हा घडवता येतो. त्याला पृथ्वी मंदावण्याची वाट बघावी लागत नाही. मी तरी यापुढे कुठलीही लॉकची दुरुस्ती वाचताना आधी वजा झालेल्या ओळी वाचते.

पुढचे दोन लीप सेकंद, ३० जून २०१५ आणि ३१ डिसेंबर २०१६ चे, कर्नलनं नीट पेलले. दुसऱ्याला क्लाउडफ्लेअरच्या डीएनएस सेवेत वेळ मागे गेल्यानं गडबड झाली, पण ती वेगळ्या प्रोग्रॅमची. नोव्हेंबर २०२२ मध्ये वजनमापांच्या जागतिक परिषदेनं ठरवलं, की २०३५ पर्यंत पृथ्वी आणि अणू यांच्यातल्या फरकाची मर्यादा वाढवायची. म्हणजे सेकंद साठू द्यायचे.

रविवार, १ जुलै २०१२, सकाळी ९.२०.

द्वादशीचं पारणं होतं. आई पानं घेऊन खोळंबली होती. मी म्हटलं, एकच काम राहिलंय. चौथ्या मशिनवर एनटीपी सुरू केला. खूण आता कुठूनच येत नव्हती. त्यानं बाहेरची घड्याळं विचारली, फरक एक सेकंदाचा पाहिला, आणि काही मिनिटांनी घड्याळ एकदम मागे घेतलं. वेळ लावणाऱ्या नेहमीच्या रस्त्यानं, टायमरना निरोप देऊन.

लोड हलला नाही. नऊही मशिनांवर एकच वेळ होती. मी लॅपटॉप मिटला आणि पानावर बसले.